डिप्रेशनमध्ये पाण्यातला व्यायाम: सुरुवात कशी करावी

डिप्रेशनमध्ये अंग शिशासारखं जड होतं. अंथरुणातून उठवत नाही, चपला घालायच्या म्हटलं तरी थकवा येतो. अशा माणसाला 'रोज पाच किलोमीटर चाल' म्हणून काही उपयोग होत नाही. कमरेएवढ्या पाण्यात मात्र पायांवर शरीराचं निम्मंच वजन येतं आणि छातीएवढ्या पाण्यात साधारण एक तृतीयांश. गुडघे दुखणाऱ्याला, वजन वाढलेल्याला, महिनोन्‌महिने घरात बसलेल्यालाही तिथे चालता येतं. पोहता येण्याची गरज नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मरणाचे विचार येत असतील तर पाण्याजवळ एकट्याने जाऊ नका. विहीर, नदी, धरण, खडक ही ठिकाणं पूर्ण टाळा. घरच्या माणसाला सांगा, डॉक्टरांना गाठा किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. बाकीच्यांनीही जीवरक्षक असलेला तलावच निवडावा.

चालू गोळ्या व्यायामाच्या भरवशावर बंद करू नका. फिट्सचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पाण्यात उतरू नका. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी उरत असेल तर संध्याकाळची बॅच घ्या. लिथियम चालू असेल तर पाणी पीत राहा. तलावात घाम आलेला कळत नाही, आणि अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं.

पहिल्या आठवड्यात व्यायाम करूच नका. फॉर्म, फोटो, डॉक्टरांचा दाखला (बहुतेक तलावांवर लागतो) ही कामं सोबतच्या माणसावर सोपवा, कारण कित्येक जणांचं गाडं या कागदांपाशीच अडतं. तुम्ही फक्त दोनदा तलावावर जा, काठावर परवानगी असेल तर दहा मिनिटं पाय पाण्यात सोडून बसा आणि घरी या. पोहायचे कपडे नायलॉनचे घ्या. सुती कपडे पाणी धरतात आणि बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. अंगाची लाज वाटत असेल तर पूर्ण बाह्यांचा, पायघोळ पोशाख मिळतो. पिशवी आदल्या रात्रीच भरून दाराशी ठेवा. सकाळी टोपी शोधावी लागली की जाणं राहतं.

दुसऱ्या आठवड्यापासून दोन दिवस, चौथ्यापासून तीन दिवस, वार ठरवून जा. तासभर आधी एखादं केळं खा. पाण्यातला क्रम साधारण अर्ध्या तासाचा आहे:

१. कमरेएवढ्या पाण्यात कठड्याला धरून ३ मिनिटं उभे राहा. चार आकड्यांत श्वास घ्या, सहा आकड्यांत सोडा.
२. भिंतीच्या कडेने ५ मिनिटं सावकाश चाला. टाच आधी, मग चवडा.
३. छातीएवढ्या पाण्यात १ मिनिट जोरात, तळव्यांनी पाणी मागे लोटत. १ मिनिट हळू. असे पाच फेरे.
४. २ मिनिटं उलटं चाला, २ मिनिटं आडवं, खेकड्यासारखं.
५. कठडा धरून ३० सेकंद पाय मारा, ३० सेकंद थांबा. चार वेळा.
६. शेवटी ३ मिनिटं सावकाश चाला.

जोर किती लावायचा? बोलता यावं, पण गाता येऊ नये इतका. नाडी मोजून अंदाज घेऊ नका, पाण्यात ती जमिनीवरच्यापेक्षा कमीच लागते.

बरीच माणसं व्यायाम सोडून देतात ती छातीएवढ्या पाण्यात पहिल्यांदा गेल्यावर. पाण्याचा दाब छातीवर येतो, श्वास अपुरा वाटतो, आणि ज्याला आधीच घबराट आहे त्याला वाटतं आता आपलं काही खरं नाही. हा दाब प्रत्येकाला जाणवतो. दोन पावलं मागे या, कमरेएवढ्या पाण्यात थांबा. पहिले आठ-दहा दिवस तिथेच व्यायाम केला तरी चालेल. पोटरीत गोळा येतो तो बहुधा चवड्यांवर चालल्यामुळे; कठडा धरा, पाय सरळ करा आणि बोटं नडगीकडे ओढा. बाहेर येताना शिडीवर घाई नको. पाण्याचा दाब सुटला की रक्तदाब उतरतो, काही गोळ्यांमुळे आणखी उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. काठावर दोन मिनिटं बसूनच उठा.

तलाव नसेल तर पाण्याच्या कडेने चाला. कोल्हापुरात रंकाळा, ठाण्यात तलावपाळी. सकाळची, माणसांची वर्दळ असलेली वेळ धरा. सकाळच्या उजेडाने विस्कटलेली झोपही ठिकाणावर यायला मदत होते. किनाऱ्यावर राहत असाल तर घट्ट ओल्या वाळूवरून चाला. कोरड्या वाळूत पाय रुततात आणि जडपणा वाढतो. भरतीची वेळ काढायची जुनी रीत अजून कामाची आहे: तिथीच्या पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. पुनवेला आणि अवसेला सकाळी सहाच्या आसपास वाळू लांबवर उघडी असते, पण तेव्हा उधाणाचं पाणी वेगाने चढतं. घोट्यापलीकडे जाऊ नका. अष्टमीला सहाला भरती असते, त्या दिवशी उशिरा निघा.

उतरण्याआधी आणि नंतर मनाला दहापैकी किती गुण, ते वहीत लिहा. त्या दिवशीचा एखाद्या गुणाचा फरक संध्याकाळपर्यंत विरला तरी वही चालू ठेवा. टिकणारा फरक दिसायला काही आठवडे जातात. एखादा वार चुकला तर त्याची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट व्यायामाने करू नका, पुढच्या ठरलेल्या वारी जा. आणि ज्या दिवशी काहीच होणार नाही असं वाटेल, त्या दिवशी फक्त पहिली तीन मिनिटं करून या. वहीत तो दिवसही लिहा.