दिवेलागणीची फेरी: गजबजलेला भाग पायी कसा पाहावा

जो गजबजलेला भाग पाहायचा, तिथे सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी पोहोचा. बहुतेक जण अंधार पडल्यावर निघतात आणि तिथेच फसतात. उजेडात एकदाही न पाहिलेल्या गल्ल्या रात्री सगळ्या सारख्याच वाटतात. शिवाय मधला संधिप्रकाश हातचा जातो. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश उतरेपर्यंत आकाशात उजेड असतो आणि खाली दिवेही लागलेले असतात. विषुववृत्ताजवळ हा वेळ जेमतेम वीस-बावीस मिनिटांचा, तिथून उत्तरेला किंवा दक्षिणेला जावे तसा वाढत जातो. फोटो काढायचे असतील तर याच वेळात काढा. नंतर आकाश काळे ठिक्कर पडते आणि दिवे पांढरे डाग होऊन उमटतात.

अंतराचा हिशेब आधी करा. मोकळ्या रस्त्यावर माणूस तासाला साडेचार-पाच किलोमीटर चालतो. गर्दीत, थांबत-बघत, दोनसुद्धा होत नाहीत. म्हणजे तीन तासांत पाच किलोमीटर पुष्कळ झाले. नकाशावर दहा ठिकाणे टिपून निघालेला माणूस शेवटची चार घड्याळाकडे बघतच उरकतो.

वाट आठाच्या आकड्यासारखी आखा. मराठी नव्हे, इंग्रजी आठाच्या. मधोमध एक मोठा चौक किंवा स्थानक, दोन्ही बाजूंना एकेक फेरा. पहिला फेरा संपला की तुम्ही आपोआप मध्यावर येता. तिथे बसा, पाणी प्या, स्वच्छतागृह गाठा आणि पायांना विचारा. नाही म्हणाले तर दुसरा फेरा सोडून द्या, परतीची सोय समोरच असते. सरळ रेषेत लांबवर गेलात की दमल्यावर तेवढेच अंतर उलटे तुडवावे लागते.

नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. उंच इमारतींच्या अरुंद गल्लीत उपग्रहाचे सिग्नल भिंतींवर आपटून येतात, म्हणून तुमचा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. दिशेचा बाणही लोखंडी शटर आणि गाड्यांजवळ भरकटतो. अशा वेळी जागच्या जागी फोन फिरवत बसू नका. आकाश मोकळे दिसेल अशा चौकात या, दहा-पंधरा पावले सरळ चाला आणि ठिपका कुठे सरकतो ते पाहा.

तरीही खरी भिस्त खुणांवर ठेवा. दर वळणावर मागे वळून पाच सेकंद पाहायची सवय लावा, कारण परतताना तुम्हाला तीच बाजू दिसणार असते. दुकानाची झगमगती पाटी खूण म्हणून धरू नका. दुकान बंद झाले, पाटी विझली की खूणच नाहीशी होते. पूल, चढ, रुळ, मनोरा, रस्त्याचा वाक या खुणा रात्रभर जागच्या हलत नाहीत.

आत कुठे शिरावे, हे गर्दीच सांगते. गल्लीच्या तोंडाशी दोन मिनिटे थांबा. लोक दोन्ही दिशांनी येत-जात असतील, फोनकडे न बघता सराईतपणे वळत असतील, तर ती पलीकडे निघणारी वाट. लोक आत जातात पण बाहेर कोणीच येत नाही, तर ती बहुधा कुणाच्या दाराशी संपते. तिथे शिरू नका. मुख्य रस्त्यावर नुसते येरझारे घालण्यापेक्षा त्याला समांतर दुसऱ्या गल्लीतून चाला, वस्तीचा खरा दिनक्रम तिथे दिसतो. आणि नजर वर ठेवा. तळमजल्यावरची दुकाने वारंवार बदलतात, पण वरच्या मजल्यांवर जुनी खिडकी, कठडा, नक्षी टिकून असते. दिव्याचा तिरपा उजेड पडला की दुपारी सपाट दिसणारी नक्षी सावल्यांमुळे उठून दिसते. वर पाहायचे ते मात्र थांबून, कडेला भिंतीशी उभे राहून.

रात्री पाय मुरगळतो तो अनेकदा फोनमुळे. लखलखीत पडद्यावरून नजर उचलून माणूस थेट पदपथाखाली पाऊल टाकतो. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात, एक झगझगीत पडदा ती काही क्षणांत घालवतो. पडद्याचा उजेड कमी करा. उजळ रस्त्यावरून अंधाऱ्या बोळात वळताना अर्धा मिनिट थांबा. पदपथ नसेल तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चाला. अंगात फिक्या रंगाचे कपडे असू द्या, गडद कपडे चालकाला उशिरा दिसतात. एकेरी रस्त्यावरही दोन्हीकडे पाहा, कारण विजेवरच्या गाड्या आणि सायकली आवाज न करता येतात.

बूट वापरलेलेच घाला. नवे बूट म्हणजे तासाभरात टाचेला फोड. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओली कातडी लवकर सोलते, म्हणून घाम सुकवणारे मोजे बरे. टाच चुरचुरली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावलेली पट्टी तो टाळू शकत नाही.

सामान थोडेच: पाण्याची बाटली, चिकटपट्टी, १०,००० एमएएच क्षमतेची पॉवर बँक. नकाशा, कॅमेरा आणि पडदा मिळून बॅटरी झपाट्याने खातात. पिशवी गर्दीत पोटाशी, पाकीट पुढच्या खिशात. खिसा चालत्या गर्दीपेक्षा, सगळे एकाच वेळी थबकतात तिथे जास्त जपा: सिग्नल, जिन्याचे तोंड, खेळ बघायला जमलेला घोळका. रात्रीच्या फोटोसाठी कोपर खांबाला टेकवा. फोन अनेक चित्रे जोडून एक करतो, हात हलला की सगळे धूसर होते.

शेवटच्या गाडीची वेळ मुक्कामाच्या पत्त्यासोबत स्थानिक लिपीत कागदावर लिहून खिशात ठेवा, आणि त्या वेळेच्या चाळीस मिनिटे आधी मधल्या चौकाकडे किंवा स्थानकाकडे वळा. रात्री स्थानकाची काही दारे बंद असतात. आलात ते दार बंद असेल, तर वळसा घालायला तेवढा वेळ हाताशी लागतो.