आधी शाळा की आधी फ्लॅट? पुण्यात घर शोधताना दोन्हीचा हिशोब एकत्र कसा मांडायचा

दिवाळी झाली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर नर्सरी ॲडमिशनचे मेसेज सुरू होतात, आणि त्यांच्या मागोमाग "अमुक शाळेजवळ टूबीएचके रेंटवर मिळेल का" हेही सुरू होतं. विचारणारे बहुतेक तेच असतात ज्यांनी दोन-तीन वर्षांपूर्वी लोन काढून लांब फ्लॅट घेतलाय. मीही त्यातलीच, म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतेय, ज्यांचं मूल अजून दोन-अडीच वर्षांचं आहे त्यांनी तरी वेळेत वाचावं.

आम्ही वाघोलीला फ्लॅट घेतला तेव्हा मुलगी पोटात होती. बजेटमध्ये बसत होतं, आणि ब्रोशरमध्ये गेटच्या शेजारीच शाळेची बिल्डिंग रंगवलेली होती. त्या प्लॉटवर आजही पत्र्याचं कंपाउंड आहे. मग पहिलीला शाळा घेतली विमाननगरच्या बाजूला, म्हणजे दहा-एक किलोमीटर, पण नगर रोडचे दहा किलोमीटर. पोरगी साडेपाचला उठायची, सव्वासहाला बस, बस अजून पाच-सहा सोसायट्या फिरणार, सव्वा तास जायला आणि दुपारी त्याहून जास्त यायला. घरी उतरायची तेव्हा कपाळावर खिडकीच्या दांडीचा लाल वळ असायचा कारण ती तिथेच डोकं टेकून झोपलेली असायची, आणि डब्यातली पोळी तशीच. दोन वर्षं मी तो वळ रोज बघितला. नंतर तो फ्लॅट भाड्याने दिला आणि शाळेपासून चालत पंधरा मिनिटांवर भाड्याने घर घेतलं. आम्हाला सतरा हजार भाडं येत होतं आणि सव्वीस हजार द्यावं लागत होतं, वरचे नऊ हजार खिशातून, त्यातले तीन बसचे वाचले. पण पोरगी सात वाजेपर्यंत झोपायला लागली.

तर पहिलं काम म्हणजे घराचा आणि शाळेचा हिशोब एकाच कागदावर मांडायचा. बहुतेक लोक काय करतात, ईएमआय एका एक्सेलमध्ये आणि फी "ती बघू नंतर" मध्ये. एक सोपं गणित लक्षात ठेवा. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं धरली तर दहा लाखांच्या लोनला महिन्याला साधारण ८,७०० रुपये हप्ता येतो. आणि वर्षाला एक लाख फी म्हणजे महिन्याला ८,३०० च्या आसपास. म्हणजे शाळेची एक लाख फी आणि फ्लॅटचे वरचे दहा लाख, महिन्याच्या खर्चात दोघांचं वजन जवळपास सारखंच. फरक एवढाच की हप्ता फारसा हलत नाही आणि फी चढत जाते. महाराष्ट्रात फी नियमनाचा २०११ चा कायदा आहे, त्याच्या हिशोबाने दर दोन वर्षांनी १५ टक्के वाढ धरून चला. पहिलीला १ लाख असेल तर नववीला पावणेदोन लाख होतात आणि पहिली ते दहावी मिळून साडेतेरा लाख जातात. हे एका मुलाचं, आणि यात बस, पुस्तकं, युनिफॉर्म काहीच धरलेलं नाही.

आता हेच दोन एरियांना लावून बघा. आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही टाका. समजा रावेतला ७५ लाखांचा नवीन टूबीएचके आहे आणि कोथरूडला जुन्या, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमधला तेवढाच फ्लॅट ९५ लाखांना. वरचे वीस लाख सगळे लोनमध्ये धरले तर त्यांचा हप्ता साधारण १७,४०० रुपये. रावेतकडे शाळा १ लाख १० हजारांची, म्हणजे महिन्याला ९,२०० आणि बसचे ३,०००, झाले १२,२००. कोथरूडला अनुदानित शाळा, वर्षाची फी काही हजारांत आणि पोरगं चालत जाणार. एक मूल असेल तर सुरुवातीला रावेत पाच हजारांनी स्वस्त पडतं. दोन मुलं असतील तर रावेतचा शाळेचा खर्च २४,४०० होतो आणि महाग वाटणारं कोथरूड सात हजारांनी स्वस्त पडतं! अर्थात बँक सगळे वीस लाख देत नसेल तर डाउन पेमेंटचे वरचे चार-पाच लाख आणि स्टॅम्प ड्यूटी आधी उभी करावी लागते, ते जमत नसेल तर हे गणित कागदावरच राहतं, आणि बऱ्याच घरांचं तिथेच अडतं हे मला माहितीये.

हे असं का होतं ते पण समजून घ्या, म्हणजे एरिया बघताना अंदाज येतो. अनुदानित शाळांमध्ये शिक्षकांचा पगार सरकार देतं म्हणून फी कमी असते, आणि या शाळा बहुतेक करून जुन्या पुण्यात आहेत, पेठा, डेक्कन, कोथरूड, तिकडे चिंचवड, निगडी प्राधिकरण. नवीन शाळांना अनुदान मिळणं बंद झालं आणि २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला. त्यामुळे त्यानंतर वसलेल्या भागांत, म्हणजे वाकडच्या पुढे, पुनावळे, मोशी, उंड्री, वाघोली, ज्या शाळा निघाल्या त्या जवळपास सगळ्या फीवरच चालणाऱ्या. वाघोली, सूस, म्हाळुंगे ही गावं तर २०२१ मध्ये महापालिकेत आली, घरं आधी उभी राहिली आणि रस्ते, पाणी, शाळा मागून. म्हणजे जिथे घर स्वस्त तिथे शाळा महाग आणि जिथे शाळा स्वस्त तिथे घर महाग, आणि तरुण जोडपी पहिल्या प्रकारच्या एरियात जातात कारण तेव्हा मूल नसतं.

माझी नणंद न्यू जर्सीला असते, ती सुट्टीत आली की विचारते इथे कुठला स्कूल डिस्ट्रिक्ट चांगला. तिकडे सरकारी शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते, शाळांचा पैसा बराचसा घरांच्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतो, त्यामुळे चांगल्या डिस्ट्रिक्टमधलं घर महाग, पण एकदा घेतलं की दहावी-बारावीपर्यंत फी नाही. तिकडून परत येणाऱ्यांनी हे डोक्यातून काढून टाका. इथे बाणेरला घर घेतलं म्हणून बाणेरच्या शाळेत सीट मिळत नाही. घराचे पैसे वेगळे आणि शाळेचे वेगळे, दोन्ही भरावे लागतात.

पत्त्याला खरा अर्थ येतो तो आरटीईमध्ये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात, फी लागत नाही, ऑनलाइन लॉटरी होते. दुर्बल घटकातून भरायचं तर वर्षाचं उत्पन्न १ लाखाच्या आत लागतं, एससी, एसटी, ओबीसी वगैरे वंचित घटकाला उत्पन्नाची अट नाही. लॉटरीत आधी घरापासून एक किलोमीटरच्या आतल्या शाळा, मग एक ते तीन. त्यामुळे भाड्याचं घर बघतानाच गूगल मॅपवर एक किलोमीटरमध्ये किती शाळा येतात ते मोजा, कारण एका गल्लीच्या फरकाने शाळा आत किंवा बाहेर जाते. पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार रजिस्टर्डच लागतो, नोटरीवाला चालत नाही, आणि तो फॉर्म भरायच्या आधीचा हवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरमधल्या खासगी शाळांना यातून सूट दिली होती, ती जुलै २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने रद्द केली, तेव्हा जुन्या बातम्या वाचून "आता काही मिळत नाही" म्हणून बसू नका. एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात ठेवा, ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीला पूर्ण फी सुरू होते, नाहीतर शाळा बदलावी लागते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलाचं असंच झालं, आठ वर्षं एका शाळेत काढली आणि नववीत मित्र सोडून दुसरीकडे जावं लागलं, ती पोरं बोलत नाहीत पण घरातल्यांना दिसतं.

शाळा चांगली की नाही हे कसं बघायचं? स्विमिंग पूल, एसी क्लासरूम, रोबोटिक्स लॅब हे शेवटी बघा. आधी मान्यता. बाहेर "सीबीएसई पॅटर्न" लिहिलंय म्हणजे सीबीएसईची मान्यता आहे असं नाही, सीबीएसईच्या सारस पोर्टलवर शाळेचं नाव शोधा. यूडायस नंबर, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा नंबर, मागा, तो ११ आकडी असतो आणि महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. शिक्षण विभाग अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर करतो, ती यादी काढून बघा, फक्त ऑफिसमधल्या मॅडमच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका. मग विचारा पहिलीला किती डिव्हिजन आणि नववीला किती. शाळा जुनी असून पहिलीला आठ आणि नववीला दोन असतील तर मधली मुलं कुठे गेली हे विचारलंच पाहिजे. शिक्षक किती वर्षं टिकतात, हे ऑफिसमध्ये कळत नाही, सुटायच्या वेळेला गेटवर उभ्या असलेल्या आयांना विचारा, दहा मिनिटांत सगळं कळतं.

आणि महापालिका, झेडपीच्या शाळा बघितल्याशिवाय लिस्टमधून काढू नका, हे मी मनापासून सांगते. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या झेडपी शाळेसाठी लांबून पालक यायचे, खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेचं नाव तर परदेशापर्यंत गेलंय. प्रत्येक सरकारी शाळा अशी असते असं नाही, पण एक चांगला मुख्याध्यापक असलेली शाळा घराजवळ असेल तर महिन्याचे दहा हजार वाचतात, आणि त्या पैशात तुम्हाला चांगल्या वस्तीत राहता येतं.

अंतर रविवारी मोजू नका. साइट व्हिजिट सगळे रविवारी करतात, रस्ता मोकळा, बिल्डरची गाडी, वीस मिनिटांत पोहोचतो. सोमवारी सकाळी बसच्या वेळेला निघा आणि परत दुपारी सुटायच्या वेळेला, शक्यतो जून-जुलैच्या पावसात. आणि तुम्ही स्कूटरवर जेवढ्या वेळात गेलात तेवढ्यात बस पोहोचत नाही, दीडपट धरा. पहिला स्टॉप कोणाचा ते विचारा, कारण लांबच्या सोसायटीतलं मूल सगळ्यात आधी चढतं आणि शेवटी उतरतं. बसमध्ये बाई अटेंडंट आहे का, सुट्टीच्या महिन्यांचे पैसे घेतात का, हेही आधीच. माझं स्वतःचं मत, चौथीपर्यंतच्या मुलाला एका बाजूला अर्ध्या तासापेक्षा जास्त प्रवास नको, मग शाळेचं नाव कितीही मोठं असो.

ब्रोशरमधल्या शाळेचं सांगते. "प्रपोज्ड स्कूल" लिहिलेलं असेल तर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांचे प्रोजेक्ट जिथे रजिस्टर होतात त्या सरकारी साइटवर प्रोजेक्ट उघडा, मंजूर लेआउट बघा, शाळेचा प्लॉट तुमच्याच फेजमध्ये आहे का. बऱ्याचदा तो दुसऱ्याच फेजमध्ये असतो जी अजून रजिस्टरसुद्धा झालेली नसते. डीपीमध्ये, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, शाळेचं आरक्षण असलं तरी ती जागा ताब्यात येऊन बांधकाम व्हायला वर्षानुवर्षं जातात, आणि तुमचं मूल तेवढं थांबत नाही. आज जी शाळा भरतेय तीच धरा. आणि त्या एरियात टँकर किती लागतात तेही बघा, कारण मेंटेनन्समध्ये टँकरचे पैसे वाढले की ती पण एक फीच.

म्हणून माझा सल्ला, पहिली दोन वर्षं शाळेजवळ भाड्याने राहा आणि मग घ्या. ७५ लाखांच्या फ्लॅटचं भाडं पंचवीस हजारांच्या आसपास असतं आणि त्याच फ्लॅटच्या ६० लाख लोनचा हप्ता ५२ हजार, मधले पैसे बाजूला टाका, डाउन पेमेंटला चांगला हातभार लागतो. शाळा नाही आवडली तर बदलून मोकळे होता, फ्लॅट बदलता येत नाही. करार ११ महिन्यांचाच असतो असं एजंट सांगतो, पण लीव्ह अँड लायसन्स २२ किंवा ३३ महिन्यांचाही होतो, फक्त रजिस्टर करायचा, ते नियमाने घरमालकाचं काम आहे. आणि तारीख बघा, ११ महिन्यांचा करार जूनमध्ये सुरू झाला तर एप्रिल-मे मध्ये संपतो. नोव्हेंबरमध्ये केला तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सहामाहीच्या तोंडावर घर शोधत फिरावं लागतं, आणि मालकाला माहीत असतं की तुमचं मूल इथल्याच शाळेत आहे म्हणून भाडं तेवढं चढतं.

शिफ्टिंग एप्रिलमध्ये, परीक्षा झाल्यावर. जुन्या शाळेतून दाखला मागताना दोन झेरॉक्स करून ठेवा आणि ऑनलाइन सिस्टीममधून मुलाचं नाव नव्या शाळेकडे ट्रान्सफर झालंय का ते स्वतः विचारा, ते राहिलं की नंतर हेलपाटे पडतात. फी बाकी आहे म्हणून कोणी दाखला अडवला तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ दाखवा. आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर दाखला लगेच द्यावा असं त्यात आहे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून ती नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. लेखी अर्ज करा, इनवर्डचा शिक्का घ्या, आणि तो कागद घराच्या करारासोबत एकाच फाइलमध्ये ठेवा.