वेड, खूळ, नाद की जुनून? कुठला शब्द कुठे वापरायचा

समजा लालबागच्या चाळीतला एक पोरगा आहे, गुरुपौर्णिमेपासून रोज ऑफिस सुटलं की ट्रेनमधून उतरून थेट थर लावायच्या प्रॅक्टिसला, घरी यायला साडेअकरा. मित्र बोलणार हंडीचं वेड आहे त्याला, आई बोलणार काय खूळ घेतलंय डोक्यात, शेजारचे काका बोलणार पोरगं नादाला लागलं, आणि तो स्वतः स्टेटसला टाकणार जुनून. पोरगा तोच. म्हणून शब्द उचलायच्या आधी बघायचं की तुम्हाला कौतुक करायचंय की कान उपटायचेत.

वेड सगळ्यात सेफ, पण आधी कशाचं ते लावा. क्रिकेटवेडा म्हटलं की कॉलर टाइट, नुसतं वेडा म्हटलं की भांडण (लाडाने म्हटलं तर गोष्ट वेगळी). आणि येडा बनून पेडा खातो असं ज्याच्याबद्दल बोलतात तो अजिबात येडा नसतो हे मुंबईत नवीन आलेल्यांनी लक्षात ठेवा.

खूळ म्हणजे चार दिवसांत उतरेल असं बोलणाऱ्याला वाटतंय. नाद जपून वापरा. गाण्याचा नाद चालतो, पण नुसतं नादाला लागलाय म्हटलं की ऐकणारा दारू नाहीतर पत्ते समजतो. कोल्हापूरवाला नादखुळा बोलला तर मात्र ती शाबासकी आहे, रागवू नका.

जुनून अरबीतून फारसी-उर्दूमार्गे आला आणि मजा म्हणजे त्याचा आणि जिनचा (अरबी गोष्टींतलं भूत) धातू म्हणजे मूळ शब्द एकच, अर्थ झाकलेलं, न दिसणारं. ज्याला जिनने धरलं तो मजनून, आपला मजनू तोच. आता हसू नका, कारण आपल्याकडे पण तेच चाललंय, वेडापिसा मधला पिसा हा पिशाच्चवरून आलाय, पिसाळलेला कुत्रापण त्यातलाच, आणि कामाने झपाटलेला म्हणतो तेव्हा झपाटणारं मूळचं भूतच की! इंग्रजीतला एन्थुझिअझम घ्या, मूळ ग्रीक, अर्थ आत देव असलेला, म्हणजे सरळ आपलं अंगात येणं. एकूण काय, माणूस स्वतःहून एवढा उत्साही असू शकतो यावर कुणाचाच विश्वास नव्हता वाटतं.

क्रेझी तेवढा वेगळा, त्याचं मूळ तडा जाणं, म्हणून आपण क्रॅक आहे म्हणतो ते अगदी बरोबर बसतं.

एक शब्दप्रयोग मी सोडलाय, तो म्हणजे ठाण्याला पाठवा. तिथलं मनोरुग्णालय 1901 पासूनचं, जोक पण तेवढाच जुना असेल, पण तिथे खरंच कुणाचं तरी माणूस अ‍ॅडमिट असतं हो.

राहिला फॅन. तो फॅनॅटिकचा शॉर्टफॉर्म, आणि लॅटिनमध्ये फानुम म्हणजे देऊळ. तेव्हा वानखेडेला मॅच बघायला जाताना कुणी विचारलं कुठे चाललास, तर देवळात सांगितलं तरी खोटं नाही.