बांधलेल्या इंजिनाचे पहिले दीड हजार किलोमीटर

रिबोअर करून (म्हणजे झिजलेले सिलिंडर कापून मोठे करून), नवे पिस्टन, त्यांच्यावरच्या रिंगा आणि बेअरिंग टाकून इंजिन बांधले, तरी रिंगा सिलिंडरच्या भिंतीला पुरत्या बसलेल्या नसतात. होनिंग करताना, म्हणजे सिलिंडर दगडाने घासताना, भिंतीवर मुद्दाम पाडलेल्या बारीक तिरक्या ओरखड्यांवर घासूनच रिंगेची कड भिंतीच्या आकाराला येते, आणि त्या घासण्यातून सुटलेला लोखंडाचा भुगा ऑइलबरोबर चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतो. म्हणून पहिले ऑइल वंगणासाठी जितके, तितकेच हा भुगा धुऊन काढण्यासाठी असते. ते हजार किलोमीटर चालवण्यात बचत नाही.

उदाहरणादाखल मारुती 800 चे 796 सीसीचे तीन सिलिंडरचे, कार्ब्युरेटरचे इंजिन घेऊ. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचे साधे मिनरल ऑइल भरावे. सिंथेटिक ऑइल आणि घर्षण कमी करणारी द्रव्ये सध्या नकोत, कारण थोडे घर्षण येथे हवेच असते. स्पार्क प्लग काढून, इग्निशनची जोडणी सोडवून, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत थांबत थांबत स्टार्टर मारावा, म्हणजे बेअरिंग कोरडी फिरणार नाहीत. इंजिन सुरू झाल्यावर ते आयडलवर ठेवून गप्पा मारू नयेत. हलकी रेस धरून गळती आणि तापमान पाहावे व गाडी रस्त्यावर काढावी. (अँबॅसडरच्या जुन्या 1489 सीसी इंजिनात नवा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकला असेल, तर मात्र सुरू होताच सुमारे वीस मिनिटे 2000 आरपीएमच्या आसपास ठेवावे लागते.)

नव्याने बांधलेल्या इंजिनाची गाडी 'ताशी चाळीसच्या वर नेऊ नका' हा सल्ला अर्धाच खरा आहे. रिंगांना भिंतीवर दाबते ते मुख्यतः जळणाऱ्या वायूचे दडपण, आणि ते लोड आल्याशिवाय निर्माण होत नाही. नुसते रांगत चालवल्यास भिंत गुळगुळीत होते आणि रिंगा बसायच्या राहतात. तिसऱ्या गिअरमध्ये साधारण तीसवरून साठपर्यंत अर्ध्या अॅक्सिलरेटरवर वेग वाढवावा, मग पाय काढून गाडी गिअरमध्येच हळू होऊ द्यावी, आणि मोकळ्या रस्त्यावर हे पुन्हा पुन्हा करावे. भरल्या गाडीने घाट चढणे, टॉप गिअरमध्ये कमी वेगात इंजिन कुंथवणे आणि हायवेवर तासन्‌तास एकाच वेगाने जाणे 500 किलोमीटरपर्यंत टाळावे.

पहिले ऑइल साधारण 50 किलोमीटरनंतर, इंजिन गरम असतानाच, फिल्टरसह बदलावे. जोडणीच्या वेळी लावलेले ग्रीस आणि सीलंटचे तुकडे फिल्टरच्या कागदात अडकतात. कागद तुंबला की फिल्टरमधला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेले ऑइल थेट बेअरिंगकडे जाते. काढलेला फिल्टर कटरने उघडून पाहावा; हॅकसॉने नव्हे, कारण करवतीचा कीस आत पडून दिशाभूल करतो. कागद पिळून, वर्तमानपत्रावर पसरून, उन्हात तिरका धरावा. चुंबकाला चिकटणारी मऊ राखाडी भुकटी अपेक्षितच आहे. मात्र नखाला जाणवणारे चकचकीत पापुद्रे किंवा तांबूस कण दिसले, तर बेअरिंग खात आहे असे समजून गाडी बंद ठेवावी आणि मिस्त्रीला बोलवावे. ऑइल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी उतरले आहे. संशय प्रथम हेड गॅस्केटवर (सिलिंडर आणि हेड यांच्यामधल्या पॅकिंगवर) घ्यावा.

दुसरी बदली 500 आणि तिसरी 1500 किलोमीटरला करावी. प्रत्येक वेळी फिल्टर आणि ड्रेन नटचा वॉशर नवा घालावा, आणि 500 च्या खेपेला इंजिन थंड असताना टॅपेटची गॅपही (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागातली फट) पुन्हा तपासावी. काढलेले ऑइल गटारात न ओतता डब्यात भरून, जुने ऑइल गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्यावे.

डिपस्टिक रोज सकाळी, सपाट जागी पाहावी. सुरुवातीला पातळी थोडी उतरते. पुढे ती स्थिर राहू लागली, की रिंगा बसल्या आणि हवे तर सिंथेटिक ऑइल भरता येते. 1500 नंतरही ऑइल कमीच होत असेल आणि निळा धूर येत असेल, तर जाड ऑइल भरून तो दडपण्याऐवजी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारे दडपण) तपासून घ्यावे. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजल्यावर आकडा ठळकपणे वाढला, तर दोष रिंगांचा आहे, न वाढल्यास व्हॉल्व्हकडे पाहावे.