खराट्याच्या काड्यांचं लॉग केबिन

आमच्या अंगणातला खराटा दर आठवड्याला बारीक होत चालला होता आणि सासूबाईंचा संशय शेजारच्या पोरांवर होता. मग एका दुपारी त्या माझ्या शिलाई मशीनपाशी आल्या. फळीवर ब्लाउजपीसऐवजी चव्वेचाळीस काड्या मापानं कापून ओळीनं मांडलेल्या.

"अगं, लक्ष्मी असती ती. मोडून काय करायलीस?"

"घर बांधायलेय," मी म्हटलं. लक्ष्मीपूजनाला पुजतो ती केरसुणी शिंदीची असते, हा खराटा नारळाचा, असा वादही घालून बघितला. चालला नाही. शेवटी तडजोड झाली, जुना खराटा माझा आणि नवा त्यांचा. नवा आता कपाटामागं असतो.

घर भाच्याच्या छोट्या मॉडेल रेल्वेसाठी होतं. माझं माहेर कुर्डुवाडीचं, वडील नॅरोगेजवर, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेवर, कामाला. ती बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली, रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिमी. त्याला ८७ नं भागलं की पावणेनऊ मिमी येतात. म्हणून मॉडेलवाल्यांच्या एचओ मापात, म्हणजे १:८७ मध्ये, अशी लाइन करायची तर एन गेजचा, म्हणजे त्याहून लहान मॉडेलांचा, ९ मिमीचा तयार रूळ चालतो. भाच्यानं हा रूळ आणला तेव्हा मला वाटलं, पोरगा आजोबांची गाडी करणार. त्यानं त्यावर अमेरिकेतल्या लाकूडतोडीची लाइन टाकली, दातेरी चक्रांवर चालणारं शे इंजिन आणलं आणि म्हणाला, "आत्या, जंगलात एक लॉग केबिन पाहिजे, ओंडक्यांचं घर. तुझा हात बारीक कामात बसलाय." मस्का लावायला शिकलाय, दुसरं काय.

आधी माप. एचओमध्ये खऱ्या घराचा एक फूट म्हणजे साडेतीन मिमी, एवढं पाठ केलं की पुढं सगळं ब्लाउजच्या मापासारखंच. मी सोळा फूट बाय बारा फुटांची एकच खोली धरली. सोळा गुणिले साडेतीन, ५६ मिमी. बारा गुणिले साडेतीन, ४२ मिमी. ही मापं एका कोपऱ्याच्या खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंतची. ओंडक्यांची टोकं कोपऱ्याबाहेर थोडी आलेली दिसली पाहिजेत, तीच तर या घराची ओळख. दोन्हीकडं ४-४ मिमी सोडले की लांब काडी ६४ मिमी, आखूड काडी ५० मिमी. भिंतीची उंची आठ फूट, २८ मिमी. काडी अडीच मिमी जाड, म्हणजे साधारण साडेआठ इंची ओंडका, आणि अशा अकरा काड्यांत भिंत उभी राहते. चार भिंतींच्या चव्वेचाळीस काड्या, वर छपराखालच्या दोन त्रिकोणांच्या वेगळ्या.

काडी कुठली घ्यायची यावर माझा एक महिना गेला. आधी कबाबाच्या बांबूच्या काड्या आणल्या. सरळ, गुळगुळीत, सगळ्या एका जाडीच्या. त्यांची भिंत उभी केली तर कोंबड्यांचा पिंजरा दिसायला लागला. मग वाळलेल्या तुराट्या बघितल्या. साल छान, पण आत मऊ, खाच पाडताना चुरा होतो. खराट्याची हिराची काडी यातच बसली, कारण ती झाडासारखीच असते, बुडाशी जाड आणि शेंड्याकडं निमुळती. नवा पिवळट खराटा घेऊ नका. दोन पावसाळे अंगण झाडलेला घ्या, त्याच्या काड्या आधीच करड्या पडलेल्या असतात. धुवून एक दिवस उन्हात टाका, सोलापूरच्या उन्हात एक दिवस पुरतो. बुडाकडचा आणि शेंड्याकडचा भाग सोडून मधला, तीन ते दोन मिमी जाडीचा, तेवढा घ्या. काडी पूर्ण गोल नसते, एका अंगाला कंगोरा असतो. तो ब्लेडनं तासा. वरची चकाकी १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं काढा, नाहीतर रंगही धरत नाही आणि फेविकॉलही.

रंग जोडणीच्या आधी द्यायचा. फेविकॉलचा डाग पडला की त्या जागी रंग मुरत नाही आणि कोपऱ्यावर पांढरे ठिपके राहतात. माझी रीत अशी: गंजलेले चार-पाच खिळे वाटीभर व्हिनेगरमध्ये चार दिवस बुडवून ठेवायचे, झाकण सैल ठेवायचं कारण आत वायू होतो. काड्यांवर आधी बिनदुधाच्या कडक चहाचा हात मारायचा, वाळल्यावर खिळ्यांचं पाणी. चहातल्या तुरट अंशाशी लोखंडाचा संयोग होऊन काड्या बघता बघता राखाडी-काळ्या पडतात, तीस वर्षं पाऊस खाल्ल्यासारख्या. काही काड्यांना चहाचा एकच हात द्या, काहींना दोन. सगळ्या एकाच रंगाच्या नकोत.

आता खाचा, यात खरं काम आहे. ही घरं अमेरिकेत नेली ती १६३८ नंतर डेलावेअर नदीच्या काठी उतरलेल्या स्वीडिश आणि फिनिश लोकांनी. खिळे मिळणं मुश्कील, म्हणून ओंडका ओंडक्यावर खाचेनं बसवायचा. खाच नेहमी वरच्या ओंडक्याच्या पोटात, खालच्याच्या पाठीवर कधीच नाही. पाठीवर पाडली तर वाटी तयार होते, पावसाचं पाणी साचतं आणि लाकूड कुजतं. मॉडेलवर पाऊस पडत नाही हे खरं, पण ज्याला कळतं त्याची नजर आधी कोपऱ्यावर जाते.

माझ्याकडं मागाचा एक जुना धोटा आहे, बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातला. लाकूड इतकं घट्ट की सुई टोचत नाही. त्याच्या काठाला मी करवतीनं एक चर पाडली, काडी पोट वर करून बरोबर बसेल एवढी, आणि चरीवर दोन आडवे काप दिले, एकमेकांपासून ५६ मिमीवर. पलीकडच्या काठाला तसेच ४२ मिमीवर. काडी चरीत ठेवायची, डाव्या अंगठ्यानं दाबायची आणि कापातून तीन मिमीची गोल कानस चार-पाच वेळा फिरवायची. खोली काडीच्या जाडीच्या निम्मी. निम्म्याहून कमी गेलात तर ओंडक्यांत फट राहते, जास्त गेलात तर काडी तिथंच मोडते. पहिल्या दहांत माझ्या चार मोडल्या. नंतर हाताला आवाज कळायला लागतो. साल संपून गाभा लागला की कानशीचा खरखर आवाज जरा बसका होतो, तिथं थांबायचं.

जोडणी काचेवर करा, काचेखाली आलेखाचा कागद. आधी दोन लांब काड्या समोरासमोर ठेवायच्या, त्यांना खाच नको. त्यांच्यावर दोन आखूड काड्या, खाच खाली करून. मग पुन्हा लांब, पुन्हा आखूड. त्यामुळं आखूड भिंत लांब भिंतीपेक्षा अर्ध्या काडीनं वर राहते आणि तिच्याखाली फट दिसते. ती चूक नाही, तिथं पुढं दगडी पाया येतो. फेविकॉल टाचणीच्या टोकानं फक्त खाचेत. झटपट चिकटणारा गोंद नको, त्याची पांढरी वाफ काड्यांवर बसते आणि जात नाही. दर दोन थरांनी गुण्या लावून कोपरा बघा.

माझी पहिली चौकट मी एका बैठकीत रचली. रात्री अकराला अकरावा थर लावला, पट्टी धरली तर डाव्या कोपऱ्याला २७ आणि उजव्याला ३०. तीन मिमी, म्हणजे खऱ्या घरात दहा इंच. मला वाटलं काच तिरकी आहे. काच सरळ होती. मी कापताना काड्या ज्या ओळीनं मांडल्या त्याच ओळीनं उचलल्या होत्या, सगळ्यांची बुडं उजवीकडं. एका काडीत फरक पाव मिमीचा, डोळ्याला दिसत नाही, पण अकरा थरांत तो साठतो. खरे सुतार एका ओंडक्याचं बूड या बाजूला, पुढच्याचं त्या बाजूला, असेच रचतात. मीही आता कापतानाच प्रत्येक काडीच्या बुडाला खडूची टिकली देते आणि टिकली एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं ठेवते. तरी पाचव्या थराला चारी कोपरे मोजा. एखादा चढला असेल तर पुढची बारीक काडी तिथं घाला.

दार लांब भिंतीत, सहा फूट उंच, म्हणजे २१ मिमी, आणि रुंदी ९ मिमी. खिडकी सात बाय सात. खऱ्या घराच्या भिंती बहुधा आधी पूर्ण रचून मग त्यात दार करवतीनं कापून काढत. मी तसं करायला गेले आणि भिंत हातात आली. त्यापेक्षा कुल्फीच्या काडीतून चौकट कापा, ती आधी उभी करा आणि दोन्हीकडून आखूड तुकडे तिला भिडवत जा. दाराच्या वरची काडी मात्र अखंड हवी. काच परवडत नसे तिथं ते लोक खिडकीला तेल लावलेला कागद लावत, म्हणून बटर पेपरला तेलाचं बोट पुसून आतून चिकटवा.

फटी भरायच्या त्याला आपल्याकडं गवंडी दर्जा भरणं म्हणतात. तिकडं शेवाळ, गवत, माती भरत. वॉल पुटीत थोडा फेविकॉल, चिमूटभर गेरू आणि चहाचं पाणी घालून श्रीखंडाइतकं घट्ट करा, टूथपिकनं फटीत ढकला आणि ओल्या सुती चिंधीनं काड्यांवरचं पुसून घ्या. मे महिन्याच्या दुपारी हे काम करू नका. पुटी बसायच्या आधीच वाळते आणि तडकते. मी रात्री पंखा बंद करून केलं, घाम पुसत.

वरचा त्रिकोण सोपा. छपराचा उतार ४५ अंश, त्यामुळं प्रत्येक पुढची काडी आधीच्यापेक्षा ५ मिमी आखूड, आठ काड्यांत आढं गाठतं. आपण सपाट माळवदाखाली वाढलेली माणसं, एवढा उतार हाताला पटत नाही; मी पहिल्यांदा नकळत ३० अंशच काढला होता. पण बर्फ घसरून पडायला तीव्र उतार हवा.

छपराला लाकडी कौलं. आमच्या घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा कधी संपत नाही, त्यातली जाड, बिनचकाकीची पत्रिका घ्या, चहात बुडवून वाळवा. ७ मिमी रुंदीच्या पट्ट्या कापा आणि प्रत्येक पट्टीला एका कडेनं दोन-दोन मिमीवर, थोड्या कमीजास्त अंतरानं, कात्रीनं काप द्या. कापलेली कड खाली. ६६ बाय ३५ मिमीच्या पुठ्ठ्यावर वळचणीपासून सुरू करून वर जायचं, प्रत्येक पट्टी आधीच्यापेक्षा ३ मिमी वर, आणि काप एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत. अशी दोन पाखी. एकेका कौलाचा कोपरा नखानं वर उचला, एखादं फाडूनच टाका. गणपतीचं चित्र छापलेली बाजू मात्र खाली ठेवा, नाहीतर कौलावर अर्धी सोंड दिसते. मी सांगतेय ते अनुभवानं.

धुराड्याला मुरूम चहाच्या गाळणीतून चाळून घ्या, गाळणीवर राहतील ते बारीक खडे. पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर फेविकॉल लावून खालून वर चिकटवत जा, आढ्यापेक्षा ७ मिमी उंच. उरलेले खडे पायाला. अंगणातल्या पाचोळ्यासाठी मी गल्लीतल्या मावशींकडून बिडीच्या पानाचं कात्रण आणलं. पत्र्याचं माप ठेवून पान कापलं की कडेचं सगळं वायाच जातं. ते हातानं चुरगाळून चाळलं की १:८७ चा पाचोळा तयार. आत दिवा लावणार असाल तर भिंतींना आतून काळा कागद लावा, नाहीतर कितीही दर्जा भरला तरी घर चाळणीसारखं उजळतं. त्यासाठीच छप्पर चिकटवू नका, नुसतं ठेवा.

घर फळीवर पक्कं करायच्या आधी भाच्याचा सगळ्यात लांब ओंडक्यांचा डबा त्या वळणावरून हातानं ढकलून बघा. वळणावर डब्याचं पोट आत येतं आणि टोकं बाहेर जातात. मी घर रुळाच्या मध्यापासून २५ मिमीवर ठेवलं होतं. गाडीवरचा एक ओंडका वळचणीला लागला, तीन कौलं गेली. आता ते ३५ वर आहे.