आयतीचा अर्थ अरबीतून तपासायचा कसा, आमची गुरुवारची पद्धत

बडोद्यात पाणीगेटला आमच्याकडे दर गुरुवारी मग़रिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजनंतर, आम्ही चार-पाच जणी कुरआन घेऊन बसतो. घरात मराठी, तरजुमा (भाषांतर) उर्दूतला आणि अरबी सगळ्यांचीच जेमतेम, पण हळूहळू एक पद्धत बसलीय, ती लिहून ठेवते कारण नवीन येणारी प्रत्येक जण तेच विचारते.

आधी ओळखीच्या शब्दांपासून सावध राहायचं, तिथेच जास्त फसायला होतं. रक़ीब म्हटलं की गझलेतला, प्रेमात आडवा येणारा माणूस आठवतो, पण सुरह निसा या अध्यायाच्या पहिल्याच आयतीत, म्हणजे वचनात, अल्लाह रक़ीब आहे म्हणजे लक्ष ठेवणारा. मोबाईलच्या ट्रान्सलेट ॲपवरही जाऊ नका, सय्यारा टाकलात तर मोटारगाडी येईल आणि सुरह यूसुफमध्ये विहिरीपाशी येतो तो काफिला! आजची अरबी आणि तेव्हाची अरबी यात हे असं अंतर आहे.

मग शब्दाची मूळ तीन अक्षरं शोधायची. लीड्स युनिव्हर्सिटीत तयार झालेली कुरआनिक अरबिक कॉर्पस नावाची फुकट साईट आहे, शब्दावर क्लिक केलं की मूळ अक्षरं, व्याकरण आणि तो धातू कुरआनात जिथे जिथे आलाय ती सगळी ठिकाणं मिळतात. ती सगळी वाचायची, आपल्याला आवडलेली दोन नाही.

आता ज़रब घ्या, मूळ अक्षरं ज़ाद-रे-बे. हा धातू कुरआनात ५८ वेळा येतो. डिक्शनरीत मारणे, पण आपल्या मराठीतलं मारणे आठवून बघा की, गप्पा मारतो, हाक मारतो, चक्कर मारतो, मिठी मारतो, यात कोणाला लागतं का? सोबतचा शब्द अर्थ ठरवतो. अरबीत तेच काम पुष्कळदा क्रियापदाला जोडून येणारा छोटा हर्फ, म्हणजे 'मध्ये', 'वर' यांसारखा छोटा शब्द करतो, त्याला सिला म्हणतात. ज़रबसोबत मसल आलं तर दाखला देणे (१४:२४, म्हणजे चौदावा अध्याय, चोविसावी आयत), 'फ़ी' लागून 'फ़िल् अर्ज़' (जमिनीवर) आलं तर प्रवासाला निघणे (४:१०१), गुहेतल्या तरुणांच्या कानांवर 'अला' लावून आलं तर त्यांना गाढ झोपवणे (१८:११), आणि 'अन' लावून आलं तर एखादी गोष्ट कोणापासून वळवून घेणे (४३:५). वहीत धातूखाली सिला आणि आयत क्रमांक असे दोन रकाने पाडा, अर्थ सगळ्यात शेवटी लिहा.

हे सगळं झाल्यावरच आम्ही ४:३४ उघडली, नवरा-बायकोची ती आयत, जिथे नवऱ्यांना बायकांबद्दल हेच ज़रब क्रियापद वापरून सांगितलंय आणि नेहमीचा अर्थ 'त्यांना मारा' असा घेतात. २००७ मध्ये लाले बख्तियार यांच्या इंग्रजी तरजुम्यात तिथे ज़रबचा अर्थ 'त्यांच्यापासून दूर जा' असा घेतलाय, आणि खरं सांगते, मला ते मनापासून हवं होतं. पण वही समोर होती. इथे ना फ़ी, ना अन, क्रियापदाला सरळ 'हुन्न' म्हणजे 'त्यांना' चिकटलंय, आणि दूर जाण्याचा अर्थ घ्यायचा तर त्याच बांधणीचं दुसरं उदाहरण कुरआनात दाखवता आलं पाहिजे, ते आम्हाला ५८ मध्ये सापडलं नाही. म्हणून मी तो अर्थ लिहिला नाही. प्रेषितांनी कधी कोणा बाईवर वा नोकरावर हात उचलला नाही ही त्यांच्या पत्नी हज़रत आयेशांनी सांगितलेली रिवायत सहीह मुस्लिम या हदीसच्या, म्हणजे प्रेषितांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींच्या, संग्रहात आहे आणि माझ्यासाठी ती फार मोठी आहे, पण तो हदीसचा रस्ता झाला, तो तसाच हदीस म्हणून सांगायचा, डिक्शनरीच्या नावावर खपवायचा नाही.

अडलं तर लेनची अरबी-इंग्रजी डिक्शनरी बघा, १८६३ पासून छापली गेली, नेटवर फुकट मिळते, जुन्या अरबी कोशांतून काढलेली आहे. फक्त त्यात एका धातूखाली पानंच्या पानं अर्थ असतात, म्हणून वहीतले रकाने आधी भरून मगच ती उघडा. आणि इथे बडोद्यात एम. एस. युनिव्हर्सिटीच्या आर्ट्स फॅकल्टीत अरबी-फारसी-उर्दूचं डिपार्टमेंट आहे, व्याकरणाचा प्रश्न नेमका लिहून घेऊन जा.

येत्या गुरुवारी ४:३४ मधलाच नुशूज़ हा शब्द घेतोय. तिथे तो बायकोबद्दल आहे, पण ४:१२८ मध्ये हाच शब्द नवऱ्याबद्दल आलाय, आणि ५८:११ मध्ये त्याच धातूचा अर्थ नुसतं जागेवरून उठणे. घरी असलेल्या तरजुम्यात या तिन्ही जागी काय काय शब्द वापरलेत ते उतरवून आणा.