भाताच्या पेंढ्याला युरिया कसा लावायचा

आमच्या इगतपुरीकडं भाताचा पेंढा उदंड, पण नुसत्या पेंढ्यावर गाय दूध देत नाही. 100 किलो वाळल्या पेंढ्याला 4 किलो युरिया, 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. खडा राहिला तर विषबाधेचं भ्या. ताडपत्रीवर थर पसरा, झारीनं शिंपडा, तुडवून दाबा, मग पुढचा थर. वरून प्लास्टिक झाकून कडेनं माती लावा. युरियातून सुटणारा अमोनिया वायू आतच कोंडला पाहिजे, पेंढा पचायला हलका करायचं खरं काम तोच करतो. 21 दिवसांनी उघडा. वास डोळ्यांना झोंबतो, म्हणून गव्हाणीत टाकण्याआधी तासभर पसरून ठेवा. सुरुवातीला थोडाच, नेहमीच्या चाऱ्यात मिसळून. बुरशीचा भाग उकिरड्यावर. 6 महिन्यांखालच्या वासरांना अजिबात नको. आणि युरियाचं पाणी उघडं सोडू नका. तहानलेली म्हैस विचारून पीत नाही.